तात्पर्याच्या आधी श्याम



या बालसाहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपण माझ्याकडे सोपविलेत याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. आणि ते ऋण यथाशक्ती फेडावे म्हणून, ज्या एका प्रश्नाने माझ्या अध्यापनाची कैक वर्षे व्यापली तोच आज आपणांपुढे मांडणार आहे. मुलांच्या कादंबरीतील पात्र, कथानक आणि आशय समजून घ्यावयाचा, म्हणजे नेमके काय करावयाचे?

आपल्या वर्गांचा शिरस्ता असा, की वाचन संपले न संपले तोच ‘यापासून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न फळ्यावर उमटतो आणि साऱ्या वह्यांत एकच वाक्य उतरते. ‘श्यामची आई’तील अळणी भाजीचा प्रसंग वाचून झाल्यावर मीही एकदा तोच प्रश्न घातला होता, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने उत्तर देण्याऐवजी मलाच विचारले, ‘गुरुजी, भाजीत मीठ नाही हे श्यामच्या वडिलांना कळलं होतं, मग ते बोलले का नाहीत?’ राबून स्वयंपाक करणाऱ्या माउलीला अन्नाची चव बिघडल्याचे दुःख होऊ नये म्हणून निमूटपणे जेवणारा बाप, त्याच्याकडे पाहून मुकाट्याने जेवणारी मुले, आणि स्वतः घास घेतल्यावर ‘मला सांगितले का नाही?’ म्हणून हळहळणारी आई, ही सारी माणसे त्या एका प्रश्नाने वर्गात जिवंत झाली. पात्राच्या मनात शिरल्यावाचून आशयाचे दार उघडत नाही, हे मला त्या मुलाने शिकविले.

साने गुरुजींनी या पुस्तकाचा फार मोठा भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिला आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आश्रमातील सोबत्यांना प्रौढ श्याम रात्रीमागून रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी पुस्तकाची ४२ रात्रींची रचना असल्यामुळे, हे सुटे प्रसंग आहेत, यात कथानक कुठले, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. परंतु जरा बारकाईने पाहिले तर या सर्व रात्रींखालून एक धागा अखंड वाहताना दिसतो, आणि तो कर्जाचा आहे. एके काळच्या खोताचे घर वाटणी, कज्जेदलाली आणि सावकाराचा तगादा यांखाली खचत जाते, वसुलीला आलेला माणूस दारात बसून नाही नाही ते बोलतो, गावात जप्तीची दवंडी पिटली जाते, आणि आईचे शरीरही त्या घराबरोबरच झिजते. घर असे उतरणीला लागले असताना त्याच घरातील मुलाचे मन मात्र चढणीला लागलेले असते. या दोन विरुद्ध गतींचा ताण, हेच त्या कादंबरीचे कथानक होय. पुढे काय झाले, हे सांगता येणे म्हणजे कथानक कळणे नव्हे. एका घटनेने माणसात काय पालटले आणि त्या पालटातून पुढची घटना कशी निपजली, हे दिसू लागले म्हणजे ते कळले.

पात्राविषयीही असेच म्हणावे लागेल. श्याम हा आदर्श बालक आहे, अशी समजूत मोठ्यांनी करून घेतली असली, तरी मूळ पुस्तकातला श्याम हट्टी, भित्रा आणि चुकणारा मुलगा आहे, म्हणूनच तो मुलांना आपला वाटतो. पोहायला जावे लागेल या भीतीने तो दडून बसतो, तेव्हा हीच प्रेमळ आई शिंपटीने मारून त्याला विहिरीवर धाडते आणि पोहून आल्यावर त्याच्यापुढे दही ठेवते. मार देणारा हात आणि दही ठेवणारा हात एकच आहे, या गोष्टीपाशी मुलाला थांबू द्या. आईने मारले ते योग्य की अयोग्य, यावर वर्गात वाद होऊ द्या. त्या वादात वात्सल्याचा जो अर्थ मुलांच्या हाती लागेल, तो कोणत्याही तयार तात्पर्यापेक्षा खोल असेल.

सर्वच कादंबऱ्यांना एकच माप लावू नये, हेही नमूद केले पाहिजे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि संकटामागून संकटात उडी घेतो, पण त्याचा स्वभाव प्रत्येक पुस्तकात तोच राहतो. तेथे पालटते ती परिस्थिती, आणि वाचकाने शोधावयाचे ते हे, की बनेशच्या दृष्टीला कोणती खूण दिसली जी इतरांच्या नजरेतून निसटली. श्यामकडे आपण अंतःकरणाच्या घडणीसाठी जातो, बनेशकडे बुद्धीच्या चपळाईसाठी. दोघांनाही ‘यापासून काय शिकलात?’ या एकाच कचेरीत उभे करणे अन्यायाचे आहे.

आशय हा पुस्तकाच्या शेवटी बांधून ठेवलेला गाठोड्यातला ऐवज नव्हे. श्यामच्या ओल्या पावलांना माती लागू नये म्हणून लुगड्याचा ओचा पसरणारी आई मुलाच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, की मनाच्या स्वच्छतेविषयी त्याला निराळे सांगावे लागत नाही. आणि ती उभी राहिली नाही, तर सांगून उपयोग होत नाही.

म्हणून, मित्रहो, आपणांजवळ माझे एकच मागणे आहे. उद्या वर्गात किंवा घरी मुलांबरोबर कादंबरी वाचाल, तेव्हा बोधाचा प्रश्न आठ दिवस बाजूला ठेवा. आधी विचारा, ‘तो असे का वागला? त्याच्या जागी तू असतास तर?’ आणि मग, उत्तर सुचविण्याचा मोह आवरून, मूल बोलेपर्यंत स्वस्थ बसा.