जनसंपर्काच्या पदवीचा भाव



विषय पैशाचा आहे, तेव्हा आडपडदा न ठेवता बोलू. बी.ए. झालेलं पोरगं घरी सांगतं, मला मास कम्युनिकेशन करायचंय, जनसंपर्कात जायचंय. बाप म्हणतो, "ते ठीक आहे बाप्पा, पण पगार किती भेटन?" विद्येच्या गोष्टीत पैसा काढणं आपल्याकडे हलकेपणाचं समजतात. मला तसं वाटत नाही. ज्याच्या खिशातून फी जाते त्याने भाव विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? माझं उत्तर आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचंय त्यांना निघता येईल. ही पदवी स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या. मोठं कर्ज काढून घेऊ नका. आणि नुसती हीच घेऊ नका.

काम जुनं, पदवी अलीकडची. नागपूरच्या याच महालात भोसल्यांच्या दरबारी देवाजीपंत चोरघडे होते. नरखेडचे. मराठेशाहीतल्या साडेतीन शहाण्यांपैकी एक, आणि तेही पूर्ण शहाणे. अर्धे नाना फडणवीस. जानोजी भोसल्यांची बाजू बाहेर कशी मांडायची, कोणापाशी काय बोलायचं आणि काय पोटात ठेवायचं, ही त्यांची विद्या. तिचं प्रमाणपत्र कुठे मिळत नव्हतं. जनसंपर्काचा अभ्यासक्रम विद्यापीठात शिकवायला एडवर्ड बर्नेज यांनी सुरुवात केली ती न्यूयॉर्कला, १९२३ साली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला आपलं नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. नागपुरात मात्र पत्रकारितेच्या शिक्षणासाठी १९५२ उजाडलं. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्झली फुलब्राइट योजनेतून हिस्लॉप कॉलेजात आले आणि तिथला विभाग उभा राहिला. तोवर 'हितवाद' हे वृत्तपत्र सुरू होऊन चाळीस वर्षं झाली होती, ओगल्यांच्या 'महाराष्ट्र' पत्राने एक पिढी घडवली होती, आणि टाटांनी मुंबईत १९४३ मध्ये जनसंपर्क विभागही उघडला होता. ही सगळी माणसं पदवीवाचून लिहीत होती आणि कमावत होती.

मग पदवीला भाव कुठे? जिथे ती अर्जातली अट आहे तिथे. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये वेकोलिचं, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या उपकंपनीचं, मुख्यालय आहे. कोल इंडियाच्या २०१७च्या व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी भरतीत जनसंपर्क ही वेगळी शाखा होती आणि तिच्यासाठी पत्रकारिता, जनसंवाद किंवा जनसंपर्क यातलं पदव्युत्तर शिक्षण लागत होतं. शासनाचा जिल्हा माहिती अधिकारी लोकसेवा आयोगातून येतो, तिथेही पत्रकारितेची पदवी किंवा पदविका आणि अनुभव मागतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा माहिती खात्याची माणसं रात्री उशिरापर्यंत मंत्र्यांची निवेदनं मराठीत बसवत असतात. त्यांच्यातला कोणीही सांगेल की कागद नसता तर परीक्षेला बसूच दिलं नसतं. अशा ठिकाणी पदवीचा भाव सगळ्यांत जास्त. पण जागा मूठभर, जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही, आणि वय कोणासाठी थांबत नाही.

खासगीत उलटं. वर्तमानपत्रात किंवा पीआर एजन्सीत तुमची गुणपत्रिका कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. "काही लिहिलेलं दाखवा" म्हणतात. पगाराचं म्हणाल तर पत्रकारांसाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ला अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ला त्यांवर शिक्कामोर्तब केलं. कागदावर सगळं झालं. तालुक्याचा वार्ताहर मात्र अजून मानधनावर आहे, आणि पंधरा ऑगस्ट, दिवाळी, आमदारांचा वाढदिवस आला की त्याला जाहिराती आणायच्या असतात. घर चालतं ते त्या कमिशनवर. जनसंपर्कवाल्यांना तर वेतन मंडळही नाही. तिथे पगार ठरतो तो मागच्या नोकरीच्या पगारावरून.

आता पेन्सिल काढा. पुण्या-मुंबईच्या खासगी संस्थेत दोन वर्षं, राहणं-खाणं धरून दहा लाखांचं कर्ज काढलं असं समजू. दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता १३,२१५ रुपये. फेडून होईपर्यंत १५ लाख ८५ हजार जातात. शिकत असतानाचं व्याज मी धरलेलंच नाही. शिवाय त्या दोन वर्षांत पोराने कुठेतरी १५ हजारांवर काम केलं असतं तर ३ लाख ६० हजार घरात आले असते, तेही गेले. म्हणजे ही पदवी पडली साडेएकोणीस लाखांच्या आसपास. पहिला पगार २५ हजार धरला तर निम्म्याहून जास्त हप्त्यात, आणि उरल्यात खोलीभाडं, डबा, लोकलचा पास. बाप दर महिन्याला पैसे पाठवतो आणि नातेवाइकांना सांगतो, पोरगं मुंबईत मीडियात आहे.

काही संस्थांतून मुलं खरोखर चांगल्या जागी जातात, हे मी नाकारत नाही. पण माहितीपत्रकातला 'सरासरी पॅकेज' हा आकडा जपून वाचा. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला तीन लाख आणि एकाला अठरा लाख मिळाले, तरी सरासरी साडेचार लाख येते. ती साडेचारची नोकरी दहांतल्या एकालाही लागलेली नसते! याउलट आपल्या विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे, वर्ध्याला हिंदी विश्वविद्यालय आहे, अमरावतीला २०११ पासून भारतीय जनसंचार संस्थेचं (आयआयएमसी) केंद्र आहे. फी खासगीपेक्षा बरीच कमी. घरून येऊन-जाऊन किंवा स्वस्तात खोली घेऊन शिकता येतं. वाचलेले पैसे ही तुमची पहिली कमाई.

मी बरीच वर्षं बातम्यांच्या टेबलावर काढली, म्हणून एक गोष्ट जवळून सांगतो. संध्याकाळी आठ वाजता उपसंपादकापुढे प्रसिद्धिपत्रकांचा ढीग असतो. एक उचलतो. पहिल्या ओळीत व्यवस्थापकीय संचालकांचं नाव आणि तीन पदं. दुसऱ्या ओळीत 'शाश्वत व सर्वसमावेशक विकासाच्या दूरदृष्टीस अनुसरून'. तिसऱ्या परिच्छेदात उपस्थित मान्यवर. आणि अगदी शेवटी, जाता जाता, की उद्या सकाळी तीन वस्त्यांत पाणी येणार नाही. बातमी ती होती. मुंबईला इंग्रजीत लिहिलेलं, कोणाकडून तरी मराठी करून घेतलेलं हे पत्रक टोपलीत जातं, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारात रिकाम्या बादल्या येतात. जो मुलगा ती शेवटची ओळ वर आणतो, वस्त्यांची लोकांच्या तोंडची नावं लिहितो आणि टँकर कुठे उभा राहील ते सांगतो, त्याला मी कोणतीही पदवी न बघता घेतला असता. हे शिकवणारे प्राध्यापक आहेत, थोडे आहेत. त्यांच्या वर्गात बसायला मिळालं तर फी वसूल.

या धंद्याला स्वतःचाच भाव नीट सांगता आलेला नाही. वर्षानुवर्षं एजन्सीवाले कात्रणं फुटपट्टीने मोजत: इतके कॉलम सेंटीमीटर, गुणिले जाहिरातीचा दर, म्हणजे साहेब, तुमचे इतके लाख वाचवले. निंदेची बातमीही त्याच पट्टीने मोजली तर फायद्यात जाते! २०१० मध्ये बार्सिलोनाला या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन हे मोजमाप खोटं असल्याचं जाहीर केलं. तरी फाइल जाड असली की अजूनही साहेब खूश होतात.

खरा भाव कसा मोजतात ते आपण महालातल्या लोकांनी पाहिलं आहे. १७ मार्च २०२५. दुपारी आंदोलन झालं, मग अफवा पसरली, ती मोबाइलवरून गल्लोगल्ली गेली आणि संध्याकाळी चिटणीस पार्कच्या आजूबाजूला दंगल उसळली, तिचं वर्णन तुम्हाला मी सांगायला नको. पुढचे काही दिवस संचारबंदी. शटर खाली, हातगाड्या बंद, रोजंदारीवाला घरी. कोणाची चूक हा आजचा विषय नाही, आणि तो या मंचावरून सुटणारही नाही. मी फक्त हिशेबापुरतं बोलतो. त्या संध्याकाळी पहिल्या अर्ध्या तासात दोन्हीकडच्या वस्त्यांना ज्याचा शब्द पटतो अशा एका माणसाने खरी माहिती साध्या बोलीत सांगितली असती, तर ते शब्द किती लाखांचे झाले असते? असा माणूस महापालिकेला हवा, पोलिसांना हवा, रुग्णालयाला हवा, खाणीला हवा. वर्गात त्याला पत्रक लिहायला, कॅमेऱ्यापुढे बोलायला, अफवा कशी चालते ते शिकवता येतं. त्याचा शब्द पटावा ही कमाई वस्तीत दहा वर्षं वावरून होते.

नुसती हीच पदवी घेऊ नका म्हणालो ते यासाठी. आपल्या भागात कोळसा आहे, मॉयलचं मँगनीज आहे, मेडिकल आहे, एम्स आहे, मेट्रो आहे, संत्र्याचा आणि कापसाचा बाजार आहे. यातलं एक काही आतून समजून घ्या. ज्याला फुफ्फुस आणि यकृत यातला फरक ठाऊक आहे असा जनसंपर्क अधिकारी रुग्णालयाला लवकर सापडत नाही, आणि सापडला की त्याला पगार वाढवून ठेवून घेतात. बी.एस्सी. करून मग जनसंवादाकडे आलेली मुलं मला म्हणूनच जास्त भरवशाची वाटतात. भाषांचंही तेच. मराठी, हिंदी, कामापुरती इंग्रजी या तिन्हीत स्वच्छ लिहिणारा मुलगा नागपुरात जितका सहज तयार होतो तितका पुण्यात होत नाही. पुणेकरांनी रागावू नये.

तेव्हा जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा पोराला सोबत न्या आणि विभागप्रमुखांना विचारा: मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत, पगाराच्या क्रमाने उभी केली तर अगदी मधल्याला किती मिळतात, आणि दोन वर्षांत विद्यार्थी किती पत्रकं स्वतः लिहितो. आकडे लिहून देत असतील तर फॉर्म भरा. "सध्या स्कोप खूप आहे" एवढंच ऐकायला मिळालं तर फॉर्म घडी करून खिशात घाला आणि शेजारच्या कॉलेजात जा.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत असं दिसतं. पहिली चिठ्ठी एका आईची आहे, ती आधी घेऊ.