रकाना आणि त्याचा मजकूर



दाखल-खारीज रजिस्टर ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, त्या गुरुजींना आजचे बोलणे चटकन पटेल. पट्टी जराशी सरकली आणि आईचे नाव वडिलांच्या रकान्यात गेले, असे होते की नाही? शाई वाळते, आणि चूक सापडते ती दहा वर्षांनी, मुलगा दाखला मागायला आला म्हणजे.

संगणकातल्या कोष्टकाचेही तसेच. त्यात नवी ओळ घालण्याच्या आज्ञेला 'इन्सर्ट' म्हणतात. ती एसक्यूएल या भाषेतली. आयबीएम कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी या भाषेचे पहिले रूप १९७४ साली मांडले. आज्ञेचा घाट असा: आधी एका कंसात सगळ्या रकान्यांची नावे, मग 'व्हॅल्यूज' हा शब्द, मग दुसऱ्या कंसात सगळा मजकूर. पहिल्याची गाठ पहिल्याशी, सातव्याची सातव्याशी. चार रकाने असले तर ठीक. वीस असले की बोटे मोजत बसा!

नावे लिहिली आणि मजकूर एकाने कमीजास्त झाला, तर यंत्र अडवते. त्या चुकीचे मला भय वाटत नाही. पण गणिताचे ३५ आणि विज्ञानाचे ७२ यांची अदलाबदल झाली तर? दोन्ही आकडेच, यंत्र मुकाट्याने घेते. काहीजण नावांचा कंसच गाळतात. तो आळस तर मुळीच नको. उद्या कोष्टकाची मांडणी बदलली, की कालची आज्ञा अडते किंवा भलत्याच रकान्यात भरते.

मग करावे काय? नाव आणि मजकूर शेजारी आणावेत. मायएसक्यूएलमध्ये असे लिहिता येते:

इन्सर्ट इंटू विद्यार्थी सेट नाव = 'सखू', गणित = ३५, विज्ञान = ७२

पहा, वाचतानाच चूक दिसेल. पण ही सोय सगळीकडे नाही. नसेल तेथे प्रत्येक मजकूर वेगळ्या ओळीवर घ्या, पुढे दोन आडव्या रेघा काढून थोडी जागा सोडा आणि रकान्याचे नाव टिपून ठेवा. स्वल्पविराम मात्र रेघांच्या आधी, बरं का. नंतर दिला तर तोही टिपेत बुडतो. टीप यंत्र वाचत नाही, ती आपल्या डोळ्यांसाठी.

आणि सगळ्या शाळेची यादी चढवण्याआधी एकच ओळ घाला, 'सिलेक्ट' आज्ञेने ती परत मागवा, आणि शेजारच्या कुणाला तरी रजिस्टरातून मोठ्याने वाचायला सांगा.