वटवाघळांची भीती

भिलाईत सिविक सेंटरला संध्याकाळी फिरताना डोक्यावरून वटवाघूळ गेलं, तर मनात आधी रोगच येतो. करोनानंतर तर जास्तच.

मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं वटवाघळांचे नमुने घेतले. काहींत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडं सापडली. जून २०२१ मध्ये बातमी आली आणि भीती पसरली. खरं तर त्या शोधात माणसाला लागण झाल्याचं काहीच नव्हतं.

नुसता धोका सांगितला, की लोक झाड तोडायला, गुहेत धूर करायला निघतात. हे मला फार घातक वाटतं. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणूच्या अभ्यासात दिसलं, की जंगलात अन्नाचा तुटवडा पडला की वटवाघळं वस्तीजवळ येतात आणि रोग पसरण्याची शक्यता वाढते. म्हणजे त्यांचा अधिवास राखणं हाही आपलाच बचाव.

फळं खाणारी वटवाघळं रानात बिया पसरवतात, फुलांचं परागीभवन करतात. तरीही २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत वन्यजीव कायद्यात ती उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती!

काळजी साधी आहे. प्राण्यानं कुरतडलेलं फळ खाऊ नका, खजुरीचा कच्चा रस टाळा, पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नका. आणि झाडावरच्या वटवाघळांना तिथंच राहू द्या.