मुलांचे हात आणि घरचे वळण

(तेरखेडा येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



मुलांच्या आरोग्यावर दोन शब्द बोलावे, अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुद्दाम अगदी लहानसा विषय निवडला. तो म्हणजे मुलांना हात धुण्यास शिकविणे. हा काय भाषणाचा विषय झाला, असे काहींस वाटेल. हातपाय धुतल्यावाचून घरात येऊ नये, ही शिकवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेच. परंतु तिच्यात एक मोठी उणीव राहून गेली. तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

आमच्या बालपणी घरात सोवळेओवळे कडक होते. बाहेर कोणाचा स्पर्श झाला की काय, याची चौकशी होई आणि अंगावर पाणी घेतले जाई. पण तान्ह्या मुलाची शी काढलेले हात नुसते पाण्याने विसळून त्याच हातांनी भाकरी थापली जाई. लेकराच्या शीचा कसला विटाळ, असे मानीत. आमचे एक धाकटे भावंड दोन वर्षांचे असताना उन्हाळ्यात हगवणीने गेले. ते नेमके कशाने गेले हे आता सांगता येणार नाही, आणि आईला दोष देण्याचा विचारही आमच्या मनास शिवत नाही. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते. पण एवढे खरे की, जेथे रोग नव्हता तेथे आम्ही विटाळ पाहत होतो आणि जेथे रोग होता तेथे निर्धास्त होतो. माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटत नाही. हगवणीचे जंतू विष्ठेतून हातावर आणि हातावरून तोंडात जातात. तान्ह्या मुलाच्या शीतही ते असतात, आणि ते कोणाची जात विचारीत नाहीत. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो.

अशी चूक अडाण्यांचीच होते असे नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासीत. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरांतील सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला, आणि दोनतीन महिन्यांतच हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही अनेक विद्वानांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. सवय ज्ञानाहून बळकट असते, ती अशी!

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नुसत्या पाण्याने हातावरील तेलकटपणा जात नाही, आणि त्याला चिकटलेले जंतूही जात नाहीत. साबणाने ते सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. तळहात, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या आणि नखे सुमारे २० सेकंद चोळावी. आपला मुलूख दुष्काळी. पाणी जपून वापरावे लागते हे आम्ही जाणतो. परंतु त्याला एक तांब्या पुरतो. एका मुलाने पाणी घालावे, दुसऱ्याने हात चोळावे. परातीतल्या एकाच पाण्यात सर्वांनी हात बुडवू नयेत; त्याने एकाचा रोग दुसऱ्यास मिळतो. शौचाहून आल्यावर, लेकराची शी काढल्यावर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी व मुलास भरविण्यापूर्वी, एवढ्या वेळा चुकवू नयेत. साबणाने हात धुण्याची सवय लागली की मुलांतील हगवणीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब सांगतो.

तेरखेड्याची आणखी एक गोष्ट. हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध. गंधक, सोरा, ॲल्युमिनियमची पूड यांत दिवसभर राबलेले हात घरी येताच मुलास उचलून घेतात. कामावरून आल्यावर आधी साबणाने हात धुवावे, कपडे बदलावे, मग लेकरास घ्यावे. २०२० च्या करोनाकाळापासून घरोघरी आलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीने ही पूड निघत नाही. शिवाय त्यातील अल्कोहोल ज्वालाग्राही. दारूकामाच्या जागी ते बाळगणे म्हणजे आगीला आमंत्रण.

मुलांना हे शिकवावे कसे? धाक घालून नव्हे. साबण त्यांच्या हातास येईल इतका खाली ठेवावा, नखे दर आठवड्यास कापावी, आणि जेवणापूर्वी वडीलमंडळींनी मुलांच्या शेजारी उभे राहून स्वतः हात धुवावे. मूल ऐकते त्याहून अधिक पाहते. आजोबा तसेच पाटावर बसले, तर नातवास केलेला उपदेश व्यर्थ होय.

२००८ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस जगभर हात धुण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. तो दिवाळीच्या हंगामातच येतो. त्या दिवशी प्रत्येक घरी मोरीजवळ मुलांसाठी साबणाची एक वेगळी वडी ठेवावी, एवढीच आमची विनंती. देणगी मोठी नाही. पण एखाद्या घरचे लेकरू तिने वाचेल.