पैठणच्या अत्तरवाल्याचे नाव
(विहाराच्या वर्धापन दिनी, घोडेगाव येथे केलेले भाषण)



आपल्या वस्तीतली दोन कुटुंबं थायलंडला जाऊन आली. त्यांनी अयुथयाचे फोटो दाखवले. 1350 च्या सुमारास वसलेली ही सियामची राजधानी 1767 साली बर्मी फौजेने जाळली. जाळणारेही बुद्धाला मानणारे होते, हे ऐकून आम्ही गप्पच झालो. तिथे एका बुद्धमूर्तीचं शिर झाडाच्या मुळ्यांत अडकलेलं आहे. फोटो काढताना माणसाने खाली बसायचं, आपलं डोकं त्या शिराच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा तिथला रिवाज आहे. फोटो पाहून एका आजीने विचारलं, "आपल्याकडं न्हाई का असं काही? इमानात न बसता जाता येईल असं?"

आहे ना! सातवाहनांची राजधानी पैठण आपल्यापासून शेवगावमार्गे दीड-दोन तासांवर. सुत्तनिपातात कथा आहे, की गोदावरीकाठच्या बावरीने आपले सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीला पाठवले. त्यांच्या वाटेवरचं पहिलं नाव पतिठान, म्हणजे आपलं पैठण. मग आम्ही तीस माणसं दोन जीप करून निघालो. पहिल्या दिवशी पैठण पाहिलं, रात्री छत्रपती संभाजीनगरला पाहुण्यांकडे मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी कन्नडच्या पुढे पितळखोऱ्याला गेलो.

पितळखोरं म्हणजे दरीत उतरून पाहायची लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास ती कोरायला लागले. तिथला खडक ठिसूळ, त्यात पाणी मुरतं, म्हणून बरंच काही ढासळलं आहे. चैत्यगृहाचे खांब तुटलेले. तरी दोन खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. एकावर पैठणच्या मित्रदेव गंधिकाच्या कुळाचं दान लिहिलं आहे. गंधिक म्हणजे अत्तर-सुगंध विकणारा. दुसऱ्यावर पैठणच्याच संघकाच्या मुलांचं दान. इथेच एक यक्षाची मूर्ती सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडवणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास सोनार. राजधानी पैठणची; पण खांबावर नाव राहिलं अत्तरवाल्याचं, मूर्तीवर राहिलं कारागिराचं.

आम्ही सूतगिरणीत साच्यावर उभे राहणारी माणसं. सुताच्या कोनावर शिक्का गिरणीचा असतो, कातणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. त्यामुळे कान्हदासाचं ऐकून आमचा ऊर भरून आला.

आणि तेवढ्यात आमच्यातल्याच एका पोराने खिळ्याने भिंतीवर आपलं नाव कोरायला घेतलं. दोन अक्षरं झालीही होती. आमचा हात उठला होता, खोटं कशाला बोला! पण त्या आजी पुढे झाल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाळा, त्यानं खांब दिला म्हणून नाव लिवलं. तू काय दिलंस?" पोरगं खाली मान घालून उभं राहिलं. चूक त्याची होतीच, पण त्याहून आमची होती. पोरांना गाडीत बसवण्याआधी आम्ही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर त्या आजीच पुन्हा बोलल्या, "म्या बी ईहाराला वाळू वाहिली व्हती. माझं नाव कुठं हाय?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या दारातल्या संगमरवरी पाटीवर पाच हजार आणि त्यापुढे देणाऱ्यांचीच नावं आहेत. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपून संध्याकाळी वाळू-खडीच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, त्या बायांचं एकही नाव नाही. तो ठराव ज्या बैठकीत झाला, त्यावर आमचीही सही आहे. आज सर्वांसमोर आम्ही ती चूक कबूल करतो.

म्हणून समितीला विनंती आहे. आजपासून विहारात एक जाड वही ठेवावी. श्रमदान केलेल्या प्रत्येकाचं नाव आणि काम त्यात लिहावं. त्या पिढीतल्या थोड्याच माणसा आता उरल्यात, उद्यावर टाकू नका. ज्याने खिळा उचलला होता त्याचं अक्षर चांगलं आहे. वही लिहायचं काम त्यालाच द्यावं, असं आम्ही सुचवतो. तो तयार आहे, आम्ही विचारलं आहे. पहिलं नाव त्या आजींचं लिहावं.

अयुथयात लोक मोडक्या मूर्तीपुढेही खाली बसतात. आपणही ज्यांनी हे विहार उभं केलं त्यांच्यापुढे जरा खाली बसू या.

नमो बुद्धाय! जयभीम!