साठवणीचे पदार्थ आणि त्यांचें शास्त्र

चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं महाराष्ट्रांतील घराघरांत साठवणीची लगबग सुरू होते. गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, कैऱ्या चिरल्या जातात, आणि ओला हात बरणींत घालूं नये, अशी वडीलधाऱ्या बायकांची ताकीद नव्या सुनेच्या कानीं पडते. या साध्या ताकिदीमागें केवढें शास्त्र आहे, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते.

अन्न नासतें तें बहुधा सूक्ष्म जंतु व बुरशी यांच्यामुळें. त्यांना जगण्यास पाणी लागतें. तें त्यांना मिळूं न देणें हेंच बहुतेक घरगुती उपायांचें मर्म होय. उन्हानें पापडांतील पाणी उडून जातें. लोणच्यांतील मीठ व मुरंब्यांतील साखर पाण्याला धरून ठेवतात. मुरंबा टिकावयाचा तर पाकांत साखरेचें प्रमाण शेंकडा ६५ च्या आसपास असावें लागतें. गोडी कमी हवी म्हणून साखर निम्मी केली, तर तो मुरंबा फ्रीजमध्यें ठेवून लवकर संपविणेंच बरें. लोणच्याला कैरीच्या आंबटपणाचें आणखी एक संरक्षण असतें, आणि वरचा तेलाचा थर हवा अडवून बुरशीला दूर ठेवतो.

उष्णतेनें अन्न टिकविण्याची रीत निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानें शोधली. अन्न काचेच्या बाटल्यांत भरावयाचें, बूच घट्ट बसवावयाचें आणि बाटल्या उकळत्या पाण्यांत ठेवावयाच्या, ही त्याची कृति. १८१० सालीं फ्रेंच सरकारनें त्याला १२,००० फ्रँकचें बक्षीस दिलें. अन्न कां टिकतें, हें मात्र त्याला ठाऊक नव्हतें. तें कोडें पुढें लुई पाश्चर यांच्या संशोधनानें उलगडलें.

परंतु या रीतींत एक धोका दडलेला आहे. १८९५ सालीं बेल्जियममधील एलझेल या गांवीं एका अंत्यविधीस आलेल्या वादकांनीं खारवलेलें डुकराचें मांस खाल्लें आणि त्यांतील तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनीं त्या मांसांतून बोट्युलिझमचा जंतु शोधून काढला. हा जंतु हवा नसेल तेथेंच वाढतो. त्याचे बीजाणु उकळत्या पाण्यांतही तग धरतात. त्यांच्या नाशासाठीं दाबाखालील वाफेची सुमारें १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्याच्या विषाला रंग नाहीं, वास नाहीं.

आंबट पदार्थांत मात्र तो वाढूं शकत नाहीं. म्हणून कैरी, लिंबू, आवळा यांची साठवण गृहिणींनीं निर्धास्तपणें करावी. टोमॅटोचा आंबटपणा काठावरचा. त्याला लिंबाच्या रसाची जोड द्यावी. मटार, फरसबी, मका यांसारखे आंबट नसलेले जिन्नस नुसते उकळून बाटल्यांत भरूं नयेत; ते वाळवावे किंवा फ्रीजरमध्यें गोठवावे. रोजच्या स्वयंपाकाच्या कुकरनें हें काम साधेल, असेंही मानूं नये. सोललेली लसूण तेलांत बुडवून ओट्यावर ठेवणें हेंही धोक्याचें; ती फ्रीजमध्यें ठेवून चार दिवसांत संपवावी. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं पाणी १०० अंशांच्या आधींच उकळतें. तेथें बाटल्या उकळत्या पाण्यांत अधिक वेळ ठेवाव्या लागतात.

बरणी कडक उन्हांत वाळवावी, चमचा कोरडा असावा, तारखेची चिठ्ठी लावावी. आणि डब्याचें झांकण फुगलेलें दिसलें, तर आंतील पदार्थ जिभेवर ठेवूनही पाहूं नये. तो सरळ टाकून द्यावा. वाया गेलेल्या जिनसाची किंमत मोजतां येते. घरांतील माणसाची नाहीं.