बंद पडलेली गाडी पुन्हा धावली



रेल्वेचा निर्णय कुठे होतो, यावर गाडी कुठवर पोहोचते हे ठरतं.

स्कॉटलंडचंच पाहा.

एडिनबरापासून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग 1969 साली बंद झाला. तोटा होतो, असं कारण दिलं गेलं. गॅलाशील्ससारखी कापड गिरण्यांची गावं रेल्वेविना राहिली.

लोकांनी मागणी सोडली नाही.

1999 मध्ये स्कॉटलंडची स्वतःची संसद सुरू झाली. 2005 च्या कायद्याने रेल्वेचे बरेच अधिकारही स्कॉटलंडकडे आले. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने या मार्गाचा काही भाग पुन्हा बांधायला मंजुरी दिली.

सप्टेंबर 2015 मध्ये गाडी धावली. पहिल्याच वर्षी प्रवासी दहा लाखांच्या पुढे गेले.

अधिकार जवळ आले, म्हणून निर्णय झाला. मात्र खर्च वाचवायला मार्ग बराचसा एकेरी बांधला. त्यामुळे जादा गाड्या सोडणं अवघड जातं. अधिकाराला पुरेशा पैशाची जोड हवीच.

आपल्याकडे रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत आहे. तरीही मुंबई रेल्वे विकास महामंडळात महाराष्ट्र सरकार भागीदार आहे.

तेव्हा श्रोतेहो, निर्णय कुठे होतो, हे महत्त्वाचं. आपल्या भागातल्या रेल्वेचा आराखडा कोण ठरवतं आणि राज्य किती वाटा उचलतं, हे आपल्या आमदार-खासदारांना जरूर विचारा.